धाकटीचं दुखणं

माझी धाकटी बहीण हैदराबादच्या गाडीतून नांदेडला उतरली तेव्हा मी तिला आधी बॅगेवरून ओळखलं. लाल चौकड्यांची ती बॅग मीच तिला दिली होती. बॅग धरणारी बाई मात्र कुणी परकीच वाटत होती. गालफडं बसलेली, डोळे वाजवीपेक्षा मोठे दिसणारे, आणि मे महिन्याच्या उन्हात मनगटापर्यंत बाह्या असलेला कुडता. जवळ घेतलं तर हाताला सगळी हाडंच लागली.

"किती वाळलीस गं!"

"डाएट चाललंय," ती म्हणाली आणि तिनं नाकाला रुमाल लावला. रुमालावर रक्ताचा ठिपका उमटला. "सायनस आहे ताई. ऑफिसच्या एसीनं जीव नकोसा केलाय."

मी ते खरं मानलं. धाकटीनं सांगितलेलं खरं मानायची आमच्या घराची पद्धतच होती.

आम्ही मूळचे लातूरचे. वडील हायस्कूलात मास्तर. आईचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा धाकटी नुकती शाळेत जायला लागली होती आणि मी नववीत होते. आमच्या घराला फक्त तडे गेले. मामाचं घर मात्र पार बसलं. मामा-मामी त्या वेळी रानात मुक्कामाला होते म्हणून वाचले. पुढे कितीतरी दिवस आमची सगळी गल्ली रस्त्यावर ताडपत्रीखाली झोपायची. मोठी माणसं रडायची, देवाचं नाव घ्यायची, जरा भांडं वाजलं की दचकून उठायची. धाकटीला मात्र ते दिवस भारी आवडले. गल्लीतली सगळी माणसं एका ठिकाणी, एकाच चुलीवर सगळ्यांचं जेवण! कोण जेवलं, कोण राहिलं, कुणाच्या पोराला दूध मिळालं नाही, हे ती घरोघरच्या ताडपत्र्यांखाली वाकून विचारत फिरायची. आई म्हणते, पंगती उठवायची हौस हिला तिथं लागली.

ती अकरावीत गेली तोवर लातूर बदललं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरत होती. वडिलांनी तिला डॉक्टर करायचं ठरवलं. मी बीएस्सी करून क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले होते, तेव्हा घरात दोघं शिकवणारे आणि शिकणारी ती एकटी. तिनं दोन वर्षं काढली, परीक्षा दिली आणि निकालाच्या दिवशी शांतपणे सांगितलं, "बाबा, मला मांडव बघायचेत. मला लग्नं लावायची आहेत, लोकांची." वडील आठवडाभर बोलले नाहीत. मग बोलायला लागले. ती हैदराबादला गेली आणि मोठमोठ्या लग्नांची, कंपन्यांच्या कार्यक्रमांची व्यवस्था पाहणाऱ्या एका कंपनीत लागली. त्या कामात ती खरंच हुशार निघाली. वडील गेले तेव्हाचे दिवससुद्धा तिनं फोनवरून असे लावून दिले की भटजीपासून पाणक्यापर्यंत कुणाला काही विचारावं लागलं नाही.

तर अशी ती माझ्या नांदेडच्या घरी सुट्टीला आली होती. पहिले दोन दिवस तिनं माझं कपाट लावलं, भांड्यांचं फडताळ घासलं, माझ्या मुलीला नाच शिकवला. एका जागी बसायचीच नाही. जेवायला वाढलं की दोन घास खाऊन उठायची. सारखी न्हाणीघरात जायची आणि येताना नाक ओढत यायची. तिसऱ्या दिवसापासून उलटंच झालं. उठवता उठेना. उठली की चिडचिड. माझ्या मुलीवर खेकसली, मग तिचीच क्षमा मागत रडली. नवरा मला म्हणाला, "हिला थायरॉइड असेल. तपासून घे." मला मनातून वेगळीच भीती वाटत होती. आमच्या काकूला असंच वाळत वाळत जाताना मी पाहिलं होतं. तो रोग मी मनातसुद्धा नावानं उच्चारत नव्हते.

त्या आठवड्यात एका दुपारी आम्ही वजिराबादच्या बाजारात गेलो. मुलीसाठी फ्रॉकचं कापड घ्यायचं होतं. दुकानाच्या पायऱ्या चढताना धाकटी थांबली आणि पायरीवरच बसली. कपाळावर घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते.

"ताई, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालंय."

तिचा हात हातात घेतला तर मनगटातली नाडी अशी धावत होती की ठोके वेगळे काढता येईनात. दुकानदारानं पंखा फिरवला. समोरच्या रिक्षावाल्यानं रिक्षा पायरीला आणून लावली. म्हातारा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. आम्ही दोघांनी तिला आत बसवलं. "बाजी, घबराव नक्को," तो म्हणाला, "पाच मिनट में पहुंचाता." आणि त्यानं पोचवलंही. हॉर्नवरचा हात त्यानं सबंध रस्ताभर काढला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस पांढरे, बोलणं तोडून टाकल्यासारखं. छातीला तारा लावून ईसीजीचा कागद निघाला, तो त्यांनी दोनदा वाचला. मग धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचं वय विचारलं. पुन्हा कागद पाहिला. आणि मला कळेना असं त्यांनी एक केलं. बॅटरी घेतली आणि तिच्या नाकात पाहिलं. एका बाजूनं प्रकाश टाकला तर तो दुसऱ्या नाकपुडीतून दिसत होता.

"तुम्ही बाहेर थांबा," त्या मला म्हणाल्या.

धाकटीनं माझा हात सोडला नाही. "ताई राहू दे."

"बरं. काय ओढतेस?"

धाकटीनं पडद्याकडे मान वळवली.

"हे बघ पोरी, मी पोलीस नाही आणि तुझी सासूही नाही. तुझ्या हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या आखडल्यात. अशा दुखण्यावर आम्ही एरवी जे औषध देतो त्यातलं काही तुला उलटू शकतं, तुझ्या अंगात दुसरं काही असेल तर. म्हणून विचारते. उगाच नाही."

"कोकेन," धाकटी म्हणाली.

सुई भरत असलेल्या नर्सनं मान वर केली आणि लगेच खाली घातली. आमच्या भागात गुटखा, शिंदी, गांजा, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या हे सगळं माहीत होतं. हा शब्द मी फक्त पडद्यावरच्या खलनायकाच्या तोंडी ऐकला होता. नांदेडच्या त्या दवाखान्यात, हिरव्या पडद्याआड, माझ्या बहिणीच्या तोंडून तो ऐकताना मला आधी अर्थच लागला नाही.

डॉक्टरीणबाई मात्र पुढचं विचारत गेल्या. किती वर्षं? दोन-अडीच. रोज? आधी कार्यक्रमाच्या दिवशी, आता रोज. शेवटचं कधी? परवा, जवळचं संपलं. झोप? नाही. दात दुखतात? हो, रात्री करकरा खाते म्हणतात. वास येतो? "नाही येत. वर्ष झालं."

"पाळी?"

"दिवाळीपासून नाही."

"आणि तुला काय वाटलं?"

"कामाचा ताण," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "खरंच तसंच वाटलं हो मॅडम. उलट बरं वाटलं. कार्यक्रमाच्या दिवसांत कटकट नाही."

तिला दाखल करून घेतलं. औषधं सुरू झाली. संध्याकाळपर्यंत छातीतली कळ थांबली. मग हृदयाची सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. आपली मूठ मिटून-उघडून दाखवत त्या म्हणाल्या, "हृदय असं आवळायला पाहिजे. हिचं एवढंच आवळतंय. दमलंय ते. दमलेल्या बैलाला कुणी थांबू न देता पळवत ठेवावं तसं झालंय. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय. वजन गेलंय, रक्त कमी आहे, पाळी बंद आहे. हे सगळं त्या एका पुडीचं."

"भरून येईल?"

"नाकाचं भोक आपणहून नाही भरायचं. बाकी बरंचसं येईल. वय लहान आहे हे नशीब. पण एक अट आहे, आणि ती माझ्या हातात नाही."

खरं सांगते, त्या बाकावर मला राग आला नाही. लाजही वाटली नाही. ती पुढे वाटली, नातेवाइकांचे फोन आले तेव्हा. त्या वेळी मला मोकळं वाटलं. इतके दिवस ज्या रोगाचं नाव मी मनात घेत नव्हते तो हा नव्हता. जो होता त्याला नाव होतं आणि त्यातून माणूस परत येऊ शकत होतं. मी बाकावर बसून दवाखान्याचा कोमट चहा प्याले आणि तो मला गोड लागला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच सांगितलं. एका मोठ्या लग्नात सलग तीन दिवस उभं राहायचं होतं. पाय सुजले, डोळे मिटायला लागले, तेव्हा बरोबरच्या एकीनं गाडीत बसवून पुडी दिली. "ताई, झोप गेली, भूक गेली, पाय दुखायचे थांबले. मला वाटलं, हे तर आपल्या कामाचंच औषध आहे. बरोबरचे पुरुषही घ्यायचे. त्यातले काही आठवडाभर थांबायचे. मला नाही थांबता आलं. मला फार लवकर लागलं ते."

आईला कसं सांगायचं हा प्रश्न होता. फोनवर मी नुसतं 'छातीत दुखलं' एवढं बोलले आणि आई दुसऱ्या दिवशी लातूरहून अहमदपूरमार्गे एसटीनं नांदेडला हजर. पिशवीत धपाटे, लसणाची चटणी आणि तूप. धाकटीला पाहिलं, केसांवरून हात फिरवला आणि मला गॅलरीत घेऊन गेली.

"आता खरं सांग. काय हाय?"

मी सांगितलं. शब्द जुळवत, मागेपुढे होत सांगितलं.

"म्हंजे काय असतंय ते?"

"पूड असते आई. नाकात ओढायची."

"तपकिरीसारखी?"

"ओढायची तशीच. पण तसली नाही. फार वाईट असते."

आई खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. आता ती रडेल, नशिबाला बोल लावेल, 'मास्तरांच्या घरात असलं' म्हणेल, याची मी वाट पाहत होते. तिनं कनवटीची मिश्रीची डबी काढली, हातात फिरवली.

"मी लग्नाआधीपासून मिश्री लावते," ती म्हणाली. "तुमच्या बाबांनी शपथ घातली म्हणून दोनदा सोडली. डोकं असं ठणकायचं, पोट साफ व्हायचं न्हाई, कुणाचं तोंड बघू वाटायचं न्हाई. तुला तेव्हा उगीच बदडलेलं आठवतंय मला. दोनीबी बार परत लावली. मग हिला मी कोणत्या तोंडानं शिव्या देऊ? चल, तिला खायला घालू."

त्या बोलण्यानं माझ्या डोक्यावरचा मोठा दगड उतरला.

मनाच्या डॉक्टरांनाही दाखवलं. व्यसन सोडवायची केंद्रं शोधली, तर आसपास जी मिळाली तिथं पुरुषच होते. "बायांची सोय नाही," एकानं सांगितलं, जणू बायांना लागतच नाही कशाची सवय. शेवटी ठरलं की आठवड्याला डॉक्टरांना दाखवायचं आणि बाकी घरीच सांभाळायचं. तिला एकटं सोडायचं नाही, मन फार खाली जातं, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. आई माझ्याकडेच राहिली.

दवाखान्यातून घरी आल्यावर ती झोपली. म्हणजे कशी, तर जेवायला उठवावं, अर्धी भाकरी खाताखाता तिथंच मान टाकावी. अंगात काही उरलंच नव्हतं. केस विंचरायला हात वर धरवत नसे; आई विंचरायची. मग भूक लागायला लागली. अशी भूक मी बाळंतिणीचीसुद्धा पाहिली नाही. वरण-भात, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पुन्हा भात. आई करता करता थकायची आणि हरखायची. स्वप्नं मात्र वाईट पडायची. स्वप्नात ती ओढतच असायची आणि जागी होऊन खाली मान घालून बसायची. दोन दाढा किडून पोकळ झाल्या होत्या, त्या काढाव्या लागल्या. नाकात खपल्या धरायच्या. त्या मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायच्या, मलम लावायचं. आणि श्वास घेताना त्या भोकातून बारीक शीळ वाजायची. माझी मुलगी विचारायची, "मावशी, तू शिट्टी का वाजवतेस?" मावशी म्हणायची, "सवय आहे गं."

अंगात जरा ताकद आली तेव्हाच ती पळाली.

मी क्लासला गेले होते. आई शेजारणीकडे दही विरजायला चमचाभर ताक आणायला म्हणून गेली. परत आली तर दार ओढलेलं, लाल बॅग नाही. आईनं मला शाळकरी पोरीसारखा रडत फोन केला. मी रक्ताभिसरणाचा धडा अर्ध्यावर टाकून निघाले. बसस्टँडवर गेले, स्टेशनवर गेले, पुन्हा स्टँडवर आले. तिचा जुना नंबर आम्हीच बंद केला होता. नवा लागत नव्हता. हैदराबादची गाडी सुटून गेल्याचं चौकशीच्या खिडकीवर कळलं. मी तिथल्या सिमेंटच्या खांबाला टेकून उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढे ईसीजीच्या कागदावरची ती वेडीवाकडी रेघ येत होती.

दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"ताई, मी देगलूरला उतरलेय. न्यायला ये."

नवऱ्यानं मित्राची गाडी मागून आणली. हैदराबादच्या वाटेवरच्या देगलूरच्या स्टँडवर ती एका बाकावर बसली होती, शेजारी एक म्हातारी, तोंडी अर्धं मराठी अर्धं तेलुगू. धाकटीनं तिचाच फोन घेतला होता. म्हातारीनं मला पाहताच फर्मावलं, "ही तुझी चेल्ली का? कायबी खाल्लं न्हाई हिनं. आधी खायला घाल, मग बोल." चेल्ली म्हणजे धाकटी बहीण, एवढं तेलुगू मला येत होतं.

आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. नवरा मुद्दाम बाहेर थांबला. इडली आली. तिनं सांबारात बोट बुडवलं आणि तसंच ठेवलं.

"मी तुमची आठवण आली म्हणून नाही उतरले ताई. खोटं नाही बोलणार."

"मग?"

"गाडीत बसल्यावर नुसत्या विचारानंच छाती धडधडायला लागली. आता मिळणार, आता मिळणार म्हणून. हात गार पडले. आणि परत तसंच दुखेल की काय असं वाटलं. पायरीवर बसले होते ना, तसं. मला भीती वाटली. हैदराबादला पोचले तर मी परत येणार नाही हे मला कळलं. म्हणून उतरले. नुसती घाबरून उतरले."

"घाबरून का होईना, उतरलीस ना?"

"हाव," ती म्हणाली. आईसारखं. आम्ही दोघी हसलो आणि मग दोघीही रडलो. हॉटेलवाल्यानं न मागता आणखी एक इडलीची बशी आणून ठेवली.

तिथून परतताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि तिच्या नाकाची शीळ मला सबंध वाटभर ऐकू येत होती. ती ऐकू येत होती तोवर ती माझ्याजवळ होती.

नंतर आई तिला लातूरला घेऊन गेली. वडील गेल्यावर आईनं माडीवरच्या खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या होत्या. घरात दिवसभर कोण ना कोण पाठांतर करत असायचं, तेव्हा धाकटी एकटी राहायचा प्रश्नच मिटला. गल्लीनं तिला पाहिलं आणि गल्लीनंच निदान केलं: टीबी. आईनं ते खोडून काढलं नाही. "असू दे," म्हणाली, "टीबीला लोक दूध-अंडी आणून देतात. दुसऱ्याला काय देतात?" आणि खरोखर लोकांनी आणून दिलं. कुणी पपई, कुणी खजूर, पलीकडच्या गल्लीतल्या खालाजाननं पायाचं सूप पाठवलं, गरम मसाला घालून. आमच्या शाकाहारी घरात ते कुठं प्यायचं म्हणून आईनं अंगणात बसवून तिला पाजलं आणि स्वतः तोंड फिरवून बसली. एकच बाई आमच्याकडचा चहा पिईनाशी झाली. आई म्हणे, तेवढंच दूध वाचलं.

मला फोन येत राहायचे. वजन वाढलं. जिना न थांबता चढली. झोप लागते. मग एकदा सकाळीच फोन आला. ती औद्योगिक वसाहतीकडून भाजीला म्हणून रिक्षानं चालली होती.

"ताई! डाळीचा वास येतोय!"

"कसला?"

"अगं, डाळीच्या मिलचा! तुरीचा! फोलपटाचा, धुळीचा, सगळा! रिक्षावाल्याला विचारलं मी, तुम्हाला पण येतोय का. तो म्हणाला, म्याडम, हितं रोजच येतंय."

लातूरच्या माणसाला त्या वासाचा कंटाळा असतो. त्या सकाळी मात्र मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते आणि तूरडाळीचा डबा उघडून त्यात नाक खुपसलं होतं.

पुढच्या महिन्यात पाळी आली. मला हे आईकडून कळलं, कारण आईनं शिरा केला होता. "आली गं बाई, आली! सुटले मी!" पलीकडून धाकटी ओरडत होती, "आई, पाळी आलीय, लग्न नाही ठरलं! पोरींना काय सांगशील कशाचा शिरा?" मुलींनी विचारलं नाही. क्लासच्या पोरींना शिरा मिळाल्याशी मतलब.

त्या वर्षी पावसाळ्यात आईची स्वयंपाकीण गावाला गेली ती आलीच नाही. मुलींचे डबे बंद पडायची वेळ आली. धाकटी उठली आणि चुलीचा ताबा घेतला. दोन बाया बघितल्या, भाजीवाल्याशी बोलली, कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा गुरुवार, हे सगळं दोन दिवसांत तिला पाठ. पुढे शेजारच्या घरातल्या मुलीही जेवायला यायला लागल्या. ती पोरींना कधी उपदेश करत नव्हती. फक्त एकीनं जागरणासाठी कुठून तरी गोळ्या आणल्याचं कळलं तेव्हा ती तिच्या खोलीत गेली, दार लावलं आणि बॅटरी हातात देऊन म्हणाली, "माझ्या नाकात बघ." त्यांच्यात पुढे काय बोलणं झालं ते मला दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही. ती मुलगी मात्र झोपायला लागली, आणि पास झाली की नाही हे मला आठवत नाही.

वर्षभरानं नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा हृदय तपासायला बोलावलं. धाकटी एकटीच एसटीनं आली. अंधाऱ्या खोलीत तिला कुशीवर झोपवलं, छातीवर थंड मलम लावलं आणि पडद्यावर काळं-पांढरं हृदय हलायला लागलं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर तेच काढून शिकवते, चार कप्पे, झडपा, बाण. पण बहिणीचं समोर हलत असताना मला त्यातलं काही कळेना. मी डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी चित्र एका ठिकाणी थांबवलं, मोजलं, परत मोजलं.

मग त्यांनी आपली मूठ वर धरली आणि घट्ट मिटून उघडली. घट्ट मिटून उघडली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे चांगलं आहे. निरोगी बाईचं असावं तसं." आणि धाकटीकडे वळून, "उठ. पूस ते. नाकाचं ऑपरेशन करायचं तर आता करता येईल, घाई नाही. रक्तदाब दर महिन्याला बघायचा. आणि ऐक, आता बरं वाटतंय म्हणून एकदा, असं कधीतरी मनात येईल."

"येतं मॅडम," धाकटी म्हणाली. "अजून येतं."

"आलं की इथं ये. दहा वेळा आलं तर दहा वेळा ये."

बाहेर आल्यावर तिनं आईला फोन लावला. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता उन्हात फिरू नका. उद्या येताना नांदेडहून चांगली कोथिंबीर आण, इथं काड्याच येऊ लागल्यात."

दवाखान्याच्या दारात माझी स्कूटी उभी होती. येताना मीच चालवत आणली होती, तिला मागे बसवून, गचके न देता, सावकाश, जसं आम्ही वर्षभर तिला जपत होतो. तिनं हात पुढे केला.

"किल्ली दे."

"अगं पण..."

"निरोगी बाईचं असावं तसं आहे. ऐकलंस ना?"

मी किल्ली दिली. तिनं पदर नीट खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, आरसा वळवून घेतला, आणि मी मागे बसते न बसते तोच गाडी गर्दीत घातली. बसस्टँडच्या चौकात एक ट्रक आडवा आला तेव्हा मी ओरडले. ती हसत होती. मी दोन्ही हातांनी तिची कंबर धरली. धरायला आता तिथं कंबर होती.